हट्टी रक्तदाब आणि चिनी काढा



चीनमध्ये गेली कित्येक वर्षे उच्च रक्तदाबावर एक स्वस्त गोळी मिळते. तिचे नाव 'चेन्च्यू चियांग्या'. नावात मोती आहे आणि शेवंती आहे, त्यामुळे घेणाऱ्याला वाटते की आपण झाडपाल्याचे औषध घेतो आहोत. खोक्यावरची घटकांची यादी वाचली की चित्र बदलते. एका गोळीत रानशेवंतीचा अर्क १०० मिलिग्रॅम, मोत्याच्या शिंपल्याच्या आतल्या चकाकत्या थराची भुकटी १०० मिलिग्रॅम आणि रुटिन २० मिलिग्रॅम असते. त्यांच्या जोडीला क्लोनिडीन ०.०३ मिलिग्रॅम आणि हायड्रोक्लोरोथायझाइड ५ मिलिग्रॅम. ही शेवटची दोन्ही औषधे कारखान्यात तयार होणारी, पूर्णपणे आधुनिक. गोळी दिवसातून तीनदा घ्यायची असते. म्हणजे माणसाच्या पोटात रोज १५ मिलिग्रॅम थायझाइड जाते. आपल्याकडे डॉक्टर हेच औषध सुरू करताना बहुधा साडेबारा मिलिग्रॅम लिहून देतात, तेव्हा ही मात्रा नाममात्र म्हणता येणार नाही.

या गोळीत लबाडी नाही, कारण यादी छापलेली आहे. पण यादी किती जण वाचतात? रुग्ण दुसऱ्या डॉक्टरकडे जातो आणि सांगतो, "मी फक्त शेवंतीची गोळी घेतो." डॉक्टर त्यावर आणखी एक थायझाइड लिहितात. पोटॅशियम आणि सोडियम घसरतात, युरिक आम्ल चढते. कुणी बीटा-ब्लॉकर घेत असेल आणि त्याने शेवंतीची गोळी एके दिवशी मनानेच बंद केली, तर क्लोनिडीन अचानक थांबल्याने रक्तदाब उसळी मारू शकतो. गोळीतली मात्रा लहान असल्याने धोकाही लहान आहे, पण तो आहे. चीनच्या औषध नियामकांनीही या गोळीबद्दल आपल्या डॉक्टरांना सावध केले होते.

आजचा विषय या गोळीपासून सुरू केला, कारण चिनी वनौषधी आणि आधुनिक औषधे एकत्र द्यावीत का, हा प्रश्न आपण 'निसर्ग विरुद्ध रसायन' असा मांडतो आणि तिथेच चुकतो. एकत्र देण्याला माझा विरोध नाही. एकत्र दिलेले कुणाला माहीतच नसेल आणि कुणी मोजलेच नसेल, त्याला माझा ठाम विरोध आहे.

आधी हट्टी रक्तदाब कशाला म्हणायचे ते थोडक्यात सांगते. तीन वेगवेगळ्या जातींची औषधे पुरेशा मात्रेत चालू आहेत, त्यांतले एक लघवीवाटे मीठ काढणारे आहे, आणि तरीही रक्तदाब उतरत नाही, तेव्हा डॉक्टर हा शब्द वापरतात. यातला बराचसा हट्ट खोटा असतो. जाड दंडाला लहान पट्टा बांधलेला असतो, किंवा दवाखान्यात बसल्यावरच आकडा चढतो. गोळ्या खिशात असतात, पोटात गेलेल्या नसतात. गुडघ्यासाठी रोज वेदनाशामक चालू असते आणि कुणी विचारलेले नसते. हे सगळे बाजूला काढल्यावर जे उरतात, ते खरे हट्टी. त्यांच्या मेंदूला, हृदयाला आणि मूत्रपिंडांना धोका मोठा असतो. चार-पाच गोळ्या घेऊन कंटाळलेला हा माणूस दुसरी वाट शोधतो, यात त्याचे काही चुकत नाही.

चीनमध्ये ही दुसरी वाट त्याच इस्पितळात असते. अमलोडिपिनसारखी आधुनिक गोळी आणि काढा दोन्ही एकाच चिठ्ठीवर लिहिता येतात. काढा घरी उकळायला वेळ नसेल, तर इस्पितळातल्या यंत्रात उकळून प्लास्टिकच्या बंद पाकिटांत देतात. रुग्णाने पाकीट कोमट पाण्यात धरायचे आणि प्यायचे. रक्तदाबासाठी सर्वांत जास्त लिहिला जाणारा काढा म्हणजे 'थियनमा गोउतेंग यिन'. तो फार प्राचीन असेल असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात हू क्वांगत्सी या वैद्यांनी तो विसाव्या शतकाच्या मध्यावर आपल्या ग्रंथात मांडला. त्यात अकरा द्रव्ये आहेत. थियनमा हा एका ऑर्किडचा कंद, गोउतेंग ही आकड्यांसारखे वाकडे काटे असलेली वेल. ॲबलोनी शिंपल्याचा चुरा, गार्डेनियाची फळे, तुतीच्या झाडावर वाढणारे बांडगूळ हेही त्यात पडते. आणि तूचुंग नावाची एक साल. ही साल हातात घेऊन मोडून पाहावी. दोन तुकडे वेगळे होतात, पण त्यांच्यामध्ये रेशमासारखे पांढरे, चमकदार तंतू ताणले जातात, कारण त्या सालीत रबराच्या जातीचा चीक असतो. तंतू न दिसणारी साल जाणता गिऱ्हाईक परत करतो.

काढा करण्याचीही रीत ठरलेली आहे. शिंपला कठीण, म्हणून तो आधी एकटाच बराच वेळ उकळायचा, मग बाकीची द्रव्ये घालायची, आणि गोउतेंग अगदी शेवटी, भांडे उतरवण्याच्या काही मिनिटे आधी. परंपरेने हे सांगितले आणि प्रयोगशाळेने त्याचे कारण दाखवले. गोउतेंगमधली रिंकोफिलिन जातीची द्रव्ये रक्तवाहिन्या सैल करतात, पण फार वेळ उकळली तर बिघडतात. अनुभवातून आलेल्या अशा बारकाव्यांचा मला मनापासून आदर वाटतो. म्हणूनच पुढचे बोलताना माझ्या शब्दांत तुच्छता नाही, हे आपण लक्षात घ्यावे.

चिनी वैद्य हा काढा देतो तो 'यकृताचे यांग वर चढले' असे निदान करून. चक्कर, डोकेदुखी, लाल झालेला चेहरा, चिडचिड, झोप न लागणे आणि बोटाखाली ताणलेल्या तारेसारखी लागणारी नाडी, ही त्याची लक्षणे. हे सगळे वर्णन पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याच्या आधीच्या जगातले आहे. रिवा-रोच्ची यांचे यंत्र १८९६ चे, कोरोत्कोव्ह यांची आवाज ऐकण्याची पद्धत १९०५ ची. त्याआधी रोजच्या तपासणीत वैद्याच्या हाती रक्तदाबाचा आकडा नसे. अडचण अशी की बहुतेकांचा वाढलेला रक्तदाब मुका असतो. ज्याला चक्कर येते त्याचा रक्तदाब चढलेला असेलच असे नाही, आणि काढ्याने चक्कर थांबली म्हणजे रक्तदाब उतरला असेही नाही. झोप चांगली लागणे हा लहान फायदा नव्हे, पण पक्षाघात टळण्याशी त्याची गल्लत करता येत नाही.

मग या काढ्याचे पुरावे काय? चिनी नियतकालिकांत शेकडो चाचण्या छापल्या आहेत. त्यांत बहुधा एका गटाला आधुनिक गोळी देतात आणि दुसऱ्याला तीच गोळी अधिक काढा. निकाल 'एकूण परिणामकारकता' या नावाखाली देतात. फार सुधारले आणि थोडे सुधारले, दोघांची बेरीज करून एकच टक्केवारी. काढा न मिळालेल्या गटाला खोटा काढा दिलेला नसतो, त्यामुळे कोण काय पितो हे सर्वांना माहीत असते. कॉक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी २०१२ मध्ये नेमका हा काढा तपासला. त्यांच्या कसोटीला उतरेल अशी एकही चाचणी त्यांना सापडली नाही. काढा निरुपयोगी ठरला, असा याचा अर्थ कुणी काढू नये. तो उपयोगी आहे की नाही, हे ठरवण्याजोगा प्रयोगच तोवर झालेला नव्हता.

"खोटे औषध देऊन तुलना करण्याचा एवढा हट्ट कशाला?" असे मला अनेकदा विचारतात. त्याचे उत्तर अमेरिकेतल्या एका प्रयोगाने दिले आणि प्रत्येक वैद्याने ते पाठ करावे. हट्टी रक्तदाबासाठी मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत नळी घालून तिच्या भोवतीच्या नसा जाळण्याची एक शस्त्रक्रिया निघाली. सुरुवातीच्या अभ्यासात वरचा आकडा ३० मिलिमीटरहून जास्त उतरला आणि सगळीकडे वाहवा झाली. मग ५३५ रुग्णांवर नीट चाचणी केली. काहींच्या नसा जाळल्या, काहींना नुसते टेबलावर झोपवले, रक्तवाहिनीचे चित्र घेतले आणि परत पाठवले. कुणाला काय केले हे रुग्णाला ठाऊक नव्हते. सहा महिन्यांनी खऱ्या शस्त्रक्रियेच्या गटात वरचा आकडा १४ मिलिमीटरने उतरला होता, आणि ज्यांना काहीच केले नव्हते त्यांच्यात जवळजवळ १२ मिलिमीटरने. २०१४ मध्ये हे निकाल आले तेव्हा या क्षेत्रात शांतता पसरली. पुढे सुधारलेल्या उपकरणांनी थोडा पण खरा फायदा दाखवला, तेही सांगायला हवे.

काहीही न करता १२ मिलिमीटर! रुग्ण अभ्यासात आला की गोळ्या वेळेवर घेतो, मीठ सांभाळतो, त्याच्याकडे कुणीतरी लक्ष देते, आणि सर्वांत वाईट दिवशी मोजलेला आकडा पुढच्या वेळी आपसूक खाली येतो. तेव्हा 'काढा जोडल्यावर दहा मिलिमीटर उतरले' असे कुणी सांगितले, तर मी एवढेच विचारते की खोटा काढा प्यायलेल्यांचे किती उतरले?

वनस्पती आणि रसायन एकत्र करून, खोट्या गोळीशी तुलना करून, जगाला पटवून दिल्याचे एक उदाहरण मात्र आहे, आणि त्याचा एक धागा आपल्या मुंबईत आहे. सर्पगंधेचे मूळ आपल्या वैद्यांना जुने ओळखीचे. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ते रक्तदाब उतरवते असे लिहिले. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरची निरीक्षणे 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापली, आणि हे मूळ पाश्चात्त्य डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर आले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरात सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्यातून रेसर्पिन वेगळे केले. डॉ. वकील यांना १९५७ चा लास्कर पुरस्कार मिळाला. आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्यांचे नाव का नसावे, याची मला खंत वाटते.

यापुढचा भाग अधिक मोलाचा आहे. अमेरिकेत एडवर्ड फ्रीस यांनी माजी सैनिकांच्या इस्पितळांत एक चाचणी केली. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष घेतले. निम्म्यांना तीन औषधे एकत्र दिली: हायड्रोक्लोरोथायझाइड, हायड्रॅलाझिन आणि सर्पगंधेतले रेसर्पिन. उरलेल्यांना खोट्या गोळ्या. १९६७ मध्ये निकाल आला. खोट्या गोळ्यांच्या गटात २७ जणांना गंभीर इजा झाली, औषधांच्या गटात दोघांना. रक्तदाब उतरवल्याने माणसे वाचतात, हे अशा कसून केलेल्या चाचणीने सर्वप्रथम सिद्ध केले, आणि ते सिद्ध करणाऱ्या मिश्रणात आपल्या मातीतल्या मुळाचा अंश होता. पुढे बीजिंगच्या डॉक्टरांनी याच घराण्यातली 'चियांग्या शून्य क्रमांक' नावाची गोळी बनवली. तिच्यात रेसर्पिन फक्त ०.१ मिलिग्रॅम, जोडीला डायहायड्रॅलाझिन, हायड्रोक्लोरोथायझाइड आणि पोटॅशियम राखणारे ट्रायम्टेरीन. रेसर्पिनची मात्रा मोठी झाली की मन खिन्न होते, नाक चोंदते. म्हणून मात्रा कमी ठेवली आणि उरलेले काम जोडीदारांवर सोपवले. मिश्रण करायचे तर असे करावे. प्रत्येक घटकाचे वजन माहीत, प्रत्येकाचा दोष माहीत.

आता धोक्यांकडे येते, आणि इथे थोडी जास्त थांबणार आहे.

ज्येष्ठमध आपल्या घरोघरी असते. चिनी वैद्यकात त्याला 'गानत्साव' म्हणतात. असंख्य काढ्यांत ते पडते, कारण ते इतर द्रव्यांना एकत्र नांदवते अशी समजूत आहे. थियनमा गोउतेंगच्या मूळ पाठात ते नाही, पण सोबत घेतल्या जाणाऱ्या पचनाच्या, खोकल्याच्या, अशक्तपणाच्या काढ्यांत ते असते. आपल्या मूत्रपिंडात एक ग्राहक आहे, तो अल्डोस्टेरोन मिळाले की मीठ धरून ठेवतो आणि पोटॅशियम बाहेर टाकतो. कॉर्टिसॉल हे दुसरे संप्रेरकही त्याच ग्राहकाला चिकटू शकते आणि ते रक्तात कितीतरी जास्त असते. म्हणून दाराशी एक विकर राखणदारासारखे उभे असते, येणारे कॉर्टिसॉल ते निष्क्रिय करते. ज्येष्ठमधातले ग्लिसिरायझिन या राखणदाराला निजवते. मग कॉर्टिसॉल आत शिरते, मीठ साठते, पोटॅशियम वाहून जाते आणि रक्तदाब चढतो. पोटाच्या व्रणावर ज्येष्ठमध देणाऱ्या एका डच डॉक्टरांना १९४० च्या दशकातच रुग्णांच्या अंगावर सूज दिसली होती.

आता याच ग्राहकाबद्दलची दुसरी गोष्ट ऐका. हट्टी रक्तदाबात तीन औषधांवर चौथे कोणते जोडावे, हे पाहण्यासाठी ब्रिटनमध्ये पाथवे-२ ही चाचणी झाली. प्रत्येक रुग्णाला आळीपाळीने स्पायरोनोलॅक्टोन, बिसोप्रोलॉल, डॉक्साझोसिन आणि खोटी गोळी दिली. २०१५ च्या निकालात स्पायरोनोलॅक्टोन सरळ पुढे होते, खोट्या गोळीपेक्षा सुमारे पावणेनऊ मिलिमीटर जास्त उतार. स्पायरोनोलॅक्टोन काय करते? तोच ग्राहक अडवते. म्हणजे हट्टी रक्तदाबाच्या मुळाशी ज्या ग्राहकाचा अतिरेक बहुतेकदा असतो, त्यालाच ज्येष्ठमध चेतवते.

माझ्याकडे एक कीर्तनकार येत असत. गोळ्या चार, तरीही वरचा आकडा १७० च्या पुढे, पोटॅशियम २.९. अल्डोस्टेरोन वाढले असेल म्हणून तपासले तर ते उलट दबलेले निघाले. मग त्यांना विचारले, "बुवा, आवाजासाठी काय घेता?" त्यांनी झब्ब्याच्या खिशातून कागदाची पुडी काढून टेबलावर ठेवली. बोटभर लांबीच्या पिवळट काड्या, टोके चावून चावून ब्रशसारखी झालेली. दिवसभर त्यांच्या गालात ज्येष्ठमध असे. "हे काय औषध आहे होय?" असे त्यांनी निरागसपणे विचारले. काड्या बंद केल्यावर काही आठवड्यांत पोटॅशियम सुधारले, आणि नंतर दोन गोळ्या कमी करता आल्या. बुवांनी काही लपवले नव्हते. त्यांना आधी कुणी विचारलेच नव्हते.

यापेक्षा कितीतरी भयंकर प्रकार ब्रुसेल्समध्ये घडला. चिनी वैद्यकात 'हान फांगजी' नावाचे मूळ आहे, शास्त्रीय नाव स्टेफानिया टेट्रॅन्ड्रा. त्यातले टेट्रॅन्ड्रिन, अमलोडिपिन ज्या कॅल्शियमच्या वाटा बंद करते त्या जातीच्या वाटा बंद करते. म्हणजे रक्तदाबासाठी ते खरोखर विचार करण्याजोगे द्रव्य आहे. दुसरे एक मूळ आहे 'ग्वांग फांगजी', ॲरिस्टोलोकिया कुळातले. बाजारात दोन्हींची सरमिसळ होते. १९९० च्या सुमारास ब्रुसेल्सच्या एका वजन उतरवण्याच्या दवाखान्यात आधुनिक औषधांसोबत चिनी वनस्पतींची भुकटी देऊ लागले. चिठ्ठीवर पहिले मूळ लिहिलेले होते, पुडीत दुसरे आले. १९९३ मध्ये डॉक्टरांनी तरुण स्त्रियांमधला मूत्रपिंडाचा झपाट्याने होणारा नाश जगापुढे मांडला. पुढे अशा रुग्णांची संख्या शंभरावर गेली. कित्येकींना डायलिसिस किंवा मूत्रपिंड बदलणे अटळ झाले, अनेकींना नंतर मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. चीनने २००३-०४ मध्ये या कुळातल्या काही औषधांना आपल्या यादीतून काढले. मूत्रपिंड असे सुकले की रक्तदाब हट्टी होतोच. हट्टी रक्तदाबावर उपाय म्हणून आणलेली पुडी चुकीची निघाली, तर रोग कायमचा घरी येतो. म्हणून मी वनस्पती ओळखणाऱ्या तज्ज्ञाला हृदयरोगतज्ज्ञाइतकेच महत्त्व देते.

तानशेन हे लाल मूळ हृदयासाठी चीनमध्ये सर्रास देतात. रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणाऱ्याने ते घेतले तर रक्त फार पातळ होते, हे वारंवार दिसले आहे. याहून जास्त त्यावर बोलत नाही.

काढ्यांची नीट चाचणी करणे शक्यच नाही, असे कुणी म्हणू लागले की मी क्वेस्ट चाचणीचे उदाहरण देते. चीनमधल्या १३३ इस्पितळांत हृदय कमजोर झालेल्या तीन हजारांहून अधिक रुग्णांना, त्यांची सर्व आधुनिक औषधे चालू ठेवून, 'छीली छ्यांगशिन' नावाची अकरा द्रव्यांची कॅप्सूल किंवा हुबेहूब तशीच खोटी कॅप्सूल दिली. हृदयविकाराने मृत्यू किंवा कमजोर हृदयामुळे पुन्हा इस्पितळात भरती, याचे प्रमाण खोट्या कॅप्सूलच्या गटात ३० टक्के होते, खऱ्या कॅप्सूलच्या गटात २५. इतर देशांतही हे पुन्हा पडताळायला हवे. पण मार्ग दिसला आहे. मला हट्टी रक्तदाबावर अशीच चाचणी हवी आहे: तीन औषधांवर न उतरलेले रुग्ण, गोळ्या खरेच पोटात जातात याची लघवीतून खात्री, चोवीस तासांचे यंत्र बांधून मोजमाप, चौथे औषध म्हणून एका गटाला स्पायरोनोलॅक्टोन, दुसऱ्याला ठरलेल्या घटकांची गोउतेंगची कॅप्सूल, तिसऱ्याला खोटी. काढा जिंकला तर मी तो पहिल्याच दिवशी लिहून देईन.

तोपर्यंत कुणी परदेशातून काढ्याची पाकिटे आणली, तर मी ती फेकून द्यायला सांगत नाही. मी आधी पाकिटावरची यादी मागते. ती नसेल तर घेऊ नका म्हणते, आणि यावर माझी कधीच तडजोड नसते. यादी असेल तर त्यात ज्येष्ठमध किंवा माह्वांग आहे का ते बघते, कारण माह्वांगमधले एफेड्रिन रक्तदाब चढवते. आधीच्या गोळ्यांपैकी एकही स्वतःहून कमी करायची नाही, क्लोनिडीन आणि बीटा-ब्लॉकर तर मुळीच नाही. घरच्या यंत्रावर आठवडाभर सकाळ-संध्याकाळचे आकडे लिहून ठेवा, मग पाकीट सुरू करा आणि पुन्हा आठवडाभर लिहा. आणि ज्येष्ठमधाची काडी असो, सर्पगंधेची गोळी असो की चीनचा काढा, काहीही चालू असेल तर पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासून घेतल्याशिवाय पुढच्या महिन्याची चिठ्ठी लिहून घेऊ नका.